नागलीचा करपा आणि बुरशीची जनुके



या अंकातील अभ्यासासाठी मी जो विषय घेतला आहे, तो आपल्या पत्रिकेचा नव्हे असे पहिल्यांदा वाटेल. पिकांवर पडणाऱ्या बुरशीत जनुके काय काम करतात, हा तो विषय. पण येत्या मृगाच्या आत आपल्याला जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बियाणे पोहोचवायचे आहे. त्यासाठी आपल्यापैकी पुष्कळांनी आनंदाने वर्गणी दिली आहे. आणि सर्व घरांना ‘रोग न पडणारे’ असे एकच सुधारित बियाणे घेऊन द्यावे, म्हणजे हिशेबालाही सोपे आणि उत्पन्नालाही चांगले, अशी सूचना आलेली आहे. सूचना चांगल्या मनाने आलेली आहे. तिच्यावर हो किंवा नाही म्हणण्याआधी, रोग पाडणारी ही बुरशी पानात शिरते तरी कशी आणि ‘रोग न पडणे’ म्हणजे नेमके काय, हे आपण सर्वांनी समजून घ्यावे असे मला वाटते. मी अनेक वर्षे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवले, म्हणून हे काम संपादकांनी माझ्याकडे दिले.

बुरशी आपल्याला नवी नाही. जुलैत चिंचपोकळीच्या चाळीत राहणाऱ्याला ती शिकवावी लागत नाही. भिंतीच्या ओलीवर, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर, दोन दिवस राहिलेल्या पावावर ती येतेच. ही बिचारी मेलेल्या वस्तूंवर जगते. पिकांवरच्या काही बुरश्या मात्र जिवंत पानावर हल्ला करतात, आणि त्यासाठी त्यांच्याजवळ जे साधन आहे ते भिंतीवरच्या बुरशीजवळ नाही.

शेतात काय दिसते

आपल्या भागातील वारली, कोकणा, महादेव कोळी आणि ठाकूर कुटुंबे खाचरात भात करतात आणि उताराच्या वरकस जमिनीवर नागली व वरई करतात. (आपण शहरात जिला नाचणी म्हणतो तीच नागली.) भाताचा काही भाग विकला जातो, नागली बहुतेक घरचीच. उन्हाळ्यात कणगीत काय उरले आहे असे विचारले तर उत्तर बहुधा नागली असेच येते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून मुंबईच्या दुकानांत तिची बिस्किटे दिसू लागली. पाड्यावर ती त्याआधीही भाकरीच होती.

भात आणि नागली या दोन्ही पिकांना छळणारा एक रोग आहे, करपा. पानावर प्रथम लहान ठिपका येतो, तो वाढून डोळ्याच्या आकाराचा होतो, दोन्ही टोकांना निमुळता, कडेने तपकिरी आणि मध्ये राखाडी. पानावरचा करपा एक वेळ सोसता येतो. खरे नुकसान होते ते कणसाच्या मानेवर तो उतरला म्हणजे. मान काळी पडते, अन्नरस वर जात नाही, आणि कणीस पोसतच नाही. नागलीत तर कणसाच्या एकेका बोटावरही तो चढतो. एका आजींनी मला असे कणीस हातात देऊन म्हटले होते, “बाई, वरून पाहा, चांगलं वाटतंय. चोळून पाहा, आत काय नाय.” रोगाचे याहून नेमके वर्णन मला पुस्तकात मिळाले नाही.

भाद्रपदातले ढगाळ दिवस, झिमझिम पाऊस, थंड रात्री आणि सकाळी उशिरापर्यंत पानावर राहणारे दव हे त्याला मानवते. जव्हार, मोखाडा, इगतपुरी या उंच भागांत असे दिवस पुष्कळ असतात. शलमोन राजाने मंदिराच्या समर्पणाच्या वेळी केलेल्या प्रार्थनेत (१ राजे, अध्याय ८) दुष्काळ, मरी आणि टोळ यांच्या जोडीला पीक करपून जाण्याचेही नाव घेतले आहे. इतकी ही माणसाची जुनी भीती आहे. आजही या एका बुरशीने जगात दरवर्षी जेवढा भात नासतो, त्यात सुमारे ६ कोटी माणसांचे वर्षाचे पोट भरेल असा अंदाज शास्त्रज्ञ देतात.

तिचे शास्त्रीय नाव मॅग्नापोर्थे ओरायझी. भातावरची आणि नागलीवरची बुरशी एकाच जातीची, पण दोन वेगळ्या घराण्यांतली. भातावरची सहसा नागलीवर जात नाही आणि नागलीवरची भातावर. असे का, याचे उत्तरही जनुकांतच आहे. तिकडे आपण येऊच.

जनुक म्हणजे काय, थोडक्यात

करोनाच्या काळात ‘व्हेरिअंट’ हा शब्द आपण सर्वांनी ऐकला. आपल्या शेजारच्या कस्तुरबा रुग्णालयात २०२१ च्या ऑगस्टमध्ये विषाणूची जनुकीय अक्षरे वाचणारी प्रयोगशाळा सुरू झाली, ती बातमीही काहींना आठवत असेल. प्रत्येक जिवाच्या पेशीत चार रासायनिक अक्षरांनी लिहिलेला एक लांबलचक मजकूर असतो. त्यातला एक अर्थपूर्ण परिच्छेद म्हणजे एक जनुक. बहुतेक जनुकांत एखादे प्रथिन कसे बनवायचे ते लिहिलेले असते, आणि प्रथिने पेशीतली कामे करतात.

करप्याच्या बुरशीचा हा संपूर्ण मजकूर २००५ साली वाचून प्रसिद्ध झाला. सुमारे ४ कोटी अक्षरे, आणि त्यांत सुमारे ११ हजार जनुके. माणसाची जनुके २० हजारांच्या आसपास. डोळ्यांना न दिसणाऱ्या या जिवाजवळ आपल्या निम्म्याहून अधिक जनुके आहेत!

एखादे जनुक काय करते हे कसे कळते? रीत सोपी आहे, मेहनत मोठी. ते जनुक मोडायचे आणि बुरशीला काय जमेनासे होते ते पाहायचे. घरातला एकेक फ्यूज काढून कोणती खोली अंधारी होते ते बघावे तसे. आपल्या जवळ बडोद्याला, महाराजा सयाजीराव विद्यापीठात, प्रा. भारत चट्टू यांच्या प्रयोगशाळेने याच बुरशीवर अशा रीतीने पुष्कळ काम केलेले आहे.

एका रात्रीत काय घडते

संध्याकाळी वाऱ्याने किंवा पावसाच्या तुषाराने एक बीजाणू पानावर येऊन पडतो. त्याचा आकार लांबट पेरूसारखा, आत तीन कप्पे. पान ओले असेल तर त्याच्या टोकातून डिंकासारखा पदार्थ बाहेर येतो आणि तो पानाला घट्ट चिकटतो. मग पाऊस पडला तरी धुऊन जात नाही. दोनएक तासांत त्याच्या एका कप्प्यातून बारीक कोंब निघतो.

आता त्या कोंबाला ठरवायचे असते की आपण खरोखर पानावर आहोत की दगडावर. त्याला डोळे नाहीत. तो तीन गोष्टी ताडून पाहतो. पृष्ठभाग कडक आहे का, मेणासारखा पाणी न धरणारा आहे का, आणि आसपास आयते अन्न नाही ना. तिन्हींचे उत्तर योग्य आले तरच तो पुढचे पाऊल टाकतो. या ओळखीत एमपीजी-१ नावाच्या जनुकाचा हात आहे. ते जनुक बुरशीच्या अंगावर पाणी न भिजू देणारे एक आवरण तयार करते. ते मोडले तर बुरशी चटकन भिजते, पान तिला नीट ओळखता येत नाही, आणि पुढची तयारी क्वचितच होते.

ओळख पटली की निरोप आत जातो, आणि येथे सर्वांत महत्त्वाचे जनुक कामाला लागते, पीएमके-१. याचा शोध १९९६ साली प्रसिद्ध झाला. हे जनुक स्वतः भोक पाडत नाही की विष बनवत नाही. ते मुकादमाचे काम करते. निरोप घ्यायचा आणि दुसऱ्या अनेक जनुकांना कामाला लावायचे. ते मोडलेल्या बुरशीला कोंब फुटतो, लांब वाढतो, पानावर नुसता भटकतो, पण हल्ल्याचे साधन त्याला बनवता येत नाही. पानाला मुद्दाम जखम करून आत सोडली तरी ती वाढत नाही.

गंमत अशी की या जनुकाचे भावंड पाववाल्याच्या यीस्टमध्येही आहे. यीस्टमध्ये ते दोन पेशींचे मीलन घडवून आणण्याचे काम करते. शास्त्रज्ञांनी यीस्टचे ते जनुक मोडून त्या जागी करप्याचे पीएमके-१ घातले, तर यीस्टचे काम चालले. म्हणजे साधन जुने आणि सर्वांच्या घरातले. करप्याच्या बुरशीने ते दुसऱ्याच कामाला लावले. इतर पिकांवरच्या अनेक बुरश्यांतही हेच जनुक तपासले गेले, आणि त्यांनाही पिकात शिरण्यासाठी त्याची गरज लागते असे आढळले.

पीएमके-१ च्या हुकमाने कोंबाचे टोक फुगते आणि त्याचा एक लहानसा घुमट बनतो. हेच ते साधन. घुमटाच्या भिंतीला आतून काळ्या रंगाचा थर बसतो. आपल्या केसांत असतो त्या मेलॅनिनचाच हा एक प्रकार. थर इतका दाट असतो की पाणी आत येते, पण आत साठलेले ग्लिसरॉल बाहेर जाऊ शकत नाही. ग्लिसरॉल पाणी ओढत राहते आणि घुमटातला दाब वाढत जातो, हवेच्या दाबाच्या सुमारे ८० पटीपर्यंत. मोटारीच्या टायरमध्ये आपण भरतो त्याच्या हा साधारण ४० पट झाला. या दाबाने घुमटाच्या तळातून एक टोकदार खुंटी निघते आणि पानाची साल फोडून आत जाते. चोवीस तासांच्या आत हे सगळे उरकते. शेतकरी सकाळी बांधावर येतो तेव्हा पान हिरवेगारच दिसते.

या काळ्या थराचे जनुक मोडले तर काय होते, हा प्रयोग मला विद्यार्थ्यांना सांगायला नेहमी आवडे. रंग बनवण्याचे काम तीन जनुकांत वाटलेले आहे. एक मोडले तर बुरशी पांढरी होते, दुसरे मोडले तर गुलाबी, तिसरे मोडले तर मातकट पिवळी. तिन्ही बुरश्या बशीत उत्तम वाढतात. पण धडधाकट पानात त्यांच्यापैकी एकही शिरू शकत नाही. दाब धरता येत नाही, पंक्चर झालेल्या टायरसारखे. पान आधीच फाटलेले असेल तर मात्र त्या आत जाऊन रोग करतात. म्हणजे काळा रंग विष नव्हे. दरवाजा फोडण्यापुरताच त्याचा उपयोग.

हे नुसते पुस्तकी ज्ञान नाही. भातासाठी दुकानात मिळणारे ट्रायसायक्लॅझोल हे औषध याच रंगाच्या कामात आडवे येते. ते बुरशीला मारत नाही, तिला काळी होऊ देत नाही. म्हणून ते आधी फवारले तर उपयोगी, आणि मान काळी पडल्यावर फवारले तर पैसा पाण्यात. पाड्यावर अनेकदा हेच घडते, कारण औषधाला लागणारे पैसे हाती येईपर्यंत रोग आत गेलेला असतो. याच जातीच्या दुसऱ्या एका औषधाची, कार्प्रोपॅमिडची, जपानमध्ये काय गत झाली तेही सांगते. बुरशीच्या एका जनुकातले एक अक्षर बदलले, आणि २००१ च्या सुमारास त्या औषधाला दाद न देणारी बुरशी शेतांत सापडली. फक्त एक अक्षर!

आणखी एक गोष्ट. घुमट तयार होत असताना मागचा बीजाणू स्वतःला पचवून टाकतो. त्याच्या तिन्ही कप्प्यांतले सत्त्व घुमटाकडे जाते आणि तो रिकामा होऊन मरतो. स्वतःला पचवण्याची ही जनुके मोडली तर बीजाणू जिवंत राहतो, पण हल्ला फसतो. येथे योहानाच्या शुभवर्तमानातला गव्हाचा दाणा कुणाला आठवेल. परंतु मी तो दाखला येथे लावणार नाही, कारण येथे मरणाऱ्याचे पीक येते ते आपले पीक खाण्यासाठी.

पानाच्या आत

आत शिरल्यावर पहिले तीन-चार दिवस बुरशी पेशीला मारत नाही. ती लपते. पिकाला स्वतःची राखण करण्याची यंत्रणा असते, आणि ती जागी होऊ नये म्हणून बुरशी लहान लहान प्रथिने पेशीत सोडते. पहारेकऱ्याला गुंगीचे औषध द्यावे तसे. एका पेशीतून शेजारच्या पेशीत ती बारीक वाटेने सरपटत जाते. २०१८ साली असे दिसून आले की या सरपटण्यालाही तोच मुकादम लागतो. आत गेल्यावर पीएमके-१ बंद पाडले तर बुरशी पहिल्याच पेशीत कोंडून राहते. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र ती रूप बदलते, पेशी मारू लागते, आणि तेव्हा आपल्याला ठिपका दिसतो. त्या एका ठिपक्यातून हजारो नवे बीजाणू हवेत जातात.

कुलूप आणि किल्ली

आता बियाण्याच्या प्रश्नाकडे वळू.

रोगाला दाद न देणाऱ्या वाणात काय असते? बहुतेक वेळा एक किंवा दोन जनुके अशी असतात, की बुरशीने सोडलेल्या गुंगीच्या प्रथिनांपैकी एखादे ती ओळखतात. ओळख पटली की ती पेशी तत्काळ स्वतःला मारून घेते आणि बुरशी तिथेच अडकते. अमेरिकेत एच. एच. फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून हा नियम मांडला: पिकातल्या राखणीच्या एका जनुकासमोर बुरशीतले एक ठरावीक जनुक असते. भातावरची बुरशी नागलीवर का जात नाही, याचेही एक कारण असेच. परक्या पिकाला तिचे एखादे प्रथिन ओळखता येते.

पण मग बुरशीने ते ओळखले जाणारे प्रथिन बनवणेच सोडून दिले तर? तसेच होते. अशा एका जनुकाचा, एव्हीआर-पिटाचा, अभ्यास झाला आहे. ते बुरशीच्या गुणसूत्राच्या अगदी शेवटाला बसलेले असते, आणि शेवटची टोके झिजतात, तुटतात, बदलतात. पदराच्या दशा सुटाव्यात तसे. ते जनुक गेले की पिटा हे राखणीचे जनुक असलेल्या भाताला चोर ओळखता येत नाही. कालपर्यंत ‘रोग न पडणारे’ असलेले वाण मग रोगाला मोकळे होते. बियाणे बिघडले, दुकानदाराने फसवले, असे लोक म्हणतात. बियाणे तेच असते. बुरशी बदललेली असते.

आणि सगळ्या पाड्यावर, सगळ्या खोऱ्यात तेच एक वाण असेल तर? अशा बदललेल्या एका बीजाणूला सारे शेत उघडे मिळते.

हे तर्काने सांगत नाही, घडलेले आहे. १९८५ साली ब्राझीलच्या पराना राज्यात गव्हावर करपा दिसला. त्याआधी गव्हावर तो रोग म्हणून माहीत नव्हता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचा उलगडा झाला. गवतावर राहणाऱ्या करप्याच्या बुरशीत एक प्रथिन होते, ते बहुतेक गव्हांना ओळखता येई आणि म्हणून ती गव्हावर टिकत नसे. परंतु त्या काळी ब्राझीलमध्ये मोठ्या प्रमाणावर पेरल्या जाणाऱ्या गव्हात ते ओळखण्याचे जनुक नव्हते. बुरशीला तिथे पाय ठेवायला जागा मिळाली. तिथे राहता राहता तिचे ते प्रथिनाचे जनुकही मोडले, आणि मग दुसऱ्या गव्हांनाही ती ओळखता येईना. २०१६ च्या फेब्रुवारीत ती बांगलादेशात उगवली. सुमारे १५ हजार हेक्टर गहू तिच्या तडाख्यात सापडला. आपल्याकडे पश्चिम बंगाल सरकारने त्यानंतर नदिया आणि मुर्शिदाबाद जिल्ह्यांत व सीमेलगतच्या ५ किलोमीटर पट्ट्यात काही वर्षे गहू पेरण्यासच बंदी केली. गव्हाचा हा करपा आणि आपल्या नागलीचा करपा एकाच जातीच्या बुरशीचे.

शास्त्रज्ञ यावर हात जोडून बसलेले नाहीत. व्हिएतनाममधल्या टेटेप नावाच्या भातातले पीआय-५४ हे राखणीचे जनुक डॉ. टी. आर. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी दिल्लीत २००५ साली वेगळे काढले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने २०१६ साली पुसा बासमती १६३७ दिला, त्यात करप्याविरुद्ध एक जनुक आहे. २०२१ च्या पुसा बासमती १८४७ मध्ये करप्याविरुद्ध दोन आहेत. एका दाराला दोन कुलपे असली तर चोराला दोन्ही किल्ल्या एकाच वेळी मिळणे कठीण, हा विचार. पण बासमती आपल्या पाड्यांचे पीक नव्हे. नागलीवर असे काम उशिरा सुरू झाले. तिचा जनुकसंच बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१७ साली प्रसिद्ध झाला. गरिबाच्या धान्याकडे प्रयोगशाळेचे लक्ष उशिरा जाते, ही तक्रार मी वर्गातही करीत असे.

मग बियाणे कोणते?

चीनच्या युनान प्रांतात १९९८ आणि १९९९ साली हजारो शेतकऱ्यांनी मिळून एक प्रयोग केला. तिथला चिकट भात किमती, पण करप्याला हमखास बळी पडणारा. त्यांनी तो एकटा न लावता, करप्याला दाद न देणाऱ्या दुसऱ्या भाताच्या ओळींमध्ये लावला. त्या चिकट भातावरचा करपा एकट्याने लावलेल्या शेताच्या तुलनेत ९४ टक्क्यांनी कमी झाला आणि त्याचे उत्पन्न ८९ टक्क्यांनी वाढले. दोन वर्षे संपता संपता करप्याची फवारणीच थांबली. कोणतेही नवे जनुक तिथे घातले नव्हते. एका वाणावरून उडालेला बीजाणू शेजारच्या वाणावर पडून वाया जातो, इतकेच.

आपल्या पाड्यांवर ही गोष्ट अगदी नवी वाटणार नाही. जुनी माणसे आजही हळवे, निमगरवे आणि गरवे असे तीन प्रकारचे भात वेगवेगळ्या खाचरांत ठेवतात. नागलीतही काळपेरी, ढवळपेरी अशी वाणे घरोघर निरनिराळी असतात. एक लवकर निसवते, एक उशिरा. म्हणून एखाद्या आठवड्यात दव आणि धुके जमले तरी सगळ्यांच्याच माना एकदम सापडत नाहीत. आपल्याकडच्याच अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती देशी वाणांचे बियाणे जपून, वाढवून, वाटल्याबद्दल. त्या महादेव कोळी समाजाच्या आहेत, शाळेत गेलेल्या नाहीत, आणि त्यांची बियाणे बँक शास्त्रज्ञ पाहायला येतात.

देशी म्हणून सगळे रोगमुक्त असते, असे मात्र मी म्हणत नाही. अनेक देशी वाणांवर करपा भरपूर पडतो, आणि कृषी विद्यापीठांची सुधारित वाणे उत्पन्नाला खरोखर चांगली आहेत. ती नाकारून पाड्याला गरीब ठेवण्यात पुण्य नाही. माझे म्हणणे ‘एकच’ या शब्दापुरते आहे.

म्हणून बियाणे समितीपुढे मी हे ठेवले आहे. सुधारित नागली घ्यावी, पण एक नव्हे, निदान दोन वाणांची. त्यासाठी जवळच्या कृषी संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा आणि त्या भागात गेल्या हंगामात कोणत्या वाणाच्या माना पडल्या ते पाड्यावर विचारून घ्यावे. प्रत्येक घराने आपले जुने वाण निदान एका तुकड्यावर चालू ठेवावे, आणि त्याचे चांगले बी दुसऱ्या घराला द्यायला तयार असेल त्या घराकडून ते आपण रोख पैसे देऊन विकत घ्यावे. वर्गणीतला तो भाग दुकानात न जाता पाड्यावरच राहील. रोगट शेतातली कणसे बियाण्याला घेऊ नयेत, कारण बुरशी बियाण्यातूनही प्रवास करते. युरियाच्या गोण्या भेट देण्याचा विचार काहींनी बोलून दाखवला आहे. तो तूर्त बाजूला ठेवावा. नत्र जास्त झाले की पान मऊ आणि गर्द हिरवे होते, आणि करप्याला तेच हवे असते.

भाताच्या बियाण्यासाठी एक बिनखर्चाचे काम आपल्या तरुण संघाला करता येईल. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे, त्यात बियाणे ओतून ढवळायचे, वर तरंगलेले पोचट व रोगट दाणे काढून टाकायचे, तळाचे दाणे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवायचे आणि सावलीत वाळवायचे. कोकणातले कृषी अधिकारी हे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जी गाडी जाणार आहे, तिच्यात मिठाच्या पिशव्या आणि दोन मोठी घमेली ठेवावीत. ज्यांना बरोबर यायचे आहे त्यांनी रविवारच्या उपासनेनंतर आपले नाव माझ्याकडे द्यावे.